पुरी तळून माणूस अंतराळात जात नाही

शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावरून परत आले, त्या आठवड्यातल्या शनिवारी मी आठवीच्या वर्गाला 'मिशन मंगल' दाखवला. शाळा लोणार तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. प्रोजेक्टर जुना. खिडक्यांना पडदे नाहीत, म्हणून सतरंज्या लटकवलेल्या. शनिवारची सकाळची शाळा आणि वर सिनेमा, त्यामुळे पोरं भलतीच खूश होती.

सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल. २०१९च्या १५ ऑगस्टला आला आणि दोनशे कोटींच्या वर कमावून गेला. त्यात विद्या बालनची तारा शिंदे ही इस्रोतली शास्त्रज्ञ घरी पुऱ्या तळताना एक शोध लावते. तेल एकदा तापलं की गॅस बंद केला तरी काही पुऱ्या तळून होतात. तसंच रॉकेटचं इंजिन सतत चालू न ठेवता गरजेपुरतं पेटवायचं, इंधन वाचवायचं आणि मंगळावर जायचं. हा प्रसंग आला तेव्हा वर्ग हसला, मागून कुणीतरी शिट्टीही मारली. सिनेमा संपल्यावर सतरंज्या काढताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मानूस पाठवताना बी ग्यास मधीच बंद करायचा काय?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. खरं सांगायचं तर टाळलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते सिनेमातही नव्हतं. नंतर वाटलं की आपण आजवर पाहिलेल्या, वाचलेल्या अंतराळाच्या बहुतेक गोष्टींतून हे उत्तर कुणीतरी काढून ठेवलंय. तिचा प्रश्न इंजिनाबद्दल नव्हता. स्वस्तात करता येतं ते आणि स्वस्तात करूच नये ते, यांतला फरक ती विचारत होती.

पुरीच्या प्रसंगाला मी नावं ठेवणार नाही. शिक्षक म्हणून मला तो आवडतो. कक्षा टप्प्याटप्प्यानं वाढवत नेणं ही गोष्ट आठवीच्या पोराला एका पुरीत समजते. शिवाय प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर एकाच बाईच्या हातात दाखवणं, तेही शिंदे आडनावाच्या, हे आमच्या वर्गातल्या मुलींना लागू पडतं. अडचण त्या प्रसंगानंतर सुरू होते. सिनेमा काटकसरीला युक्ती म्हणत नाही, तो तिला आपला स्वभाव ठरवतो, आणि पुढे तर आपलं मोठेपण. इतर देश पैसे खर्च करतात, आपण डोकं खर्च करतो, असा त्याचा एकूण सूर आहे.

हा सूर सिनेमानं शोधलेला नाही. ३० जून २०१४ रोजी श्रीहरिकोट्याला पंतप्रधान म्हणाले होते की आपली मंगळमोहीम हॉलिवूडच्या 'ग्रॅव्हिटी' सिनेमापेक्षा कमी खर्चाची आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी हिशेब मांडला: अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरला दहा रुपये पडतात, आपण मंगळाला सात रुपयांत गेलो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या होत्या, मोबाईलसमोर बसून.

आता मंगळयानाचे खरे आकडे बघा. ५ नोव्हेंबर २०१३ला उड्डाण, २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाच्या कक्षेत, खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. सहा महिन्यांसाठी बनवलेलं यान काही वर्षं टिकलं. हे कौतुकाचंच आहे. पण यानाचं एकूण वजन १,३३७ किलो असताना त्यातली वैज्ञानिक उपकरणं साधारण पंधरा किलोंची होती. मोठं रॉकेट तेव्हा भरवशाचं नव्हतं, म्हणून लहान रॉकेट वापरलं. लहान रॉकेट म्हणून इंधनाची काटकसर, आणि म्हणूनच उपकरणं मोजकी आणि मंगळाभोवतीची कक्षा लांबट. त्याच नोव्हेंबरात निघालेलं नासाचं मावेन कितीतरी पट महाग होतं, पण त्यावरची उपकरणं कितीतरी जड होती. म्हणजे आपण बाजारातून तीच भाजी निम्म्या भावात आणली नाही. लहान पिशवी नेली आणि तिच्यात मावेल तेवढीच भाजी आणली. यात लाजण्यासारखं काहीच नाही, पण सिनेमात पिशवीचं नावसुद्धा निघत नाही.

माणूस पाठवायचा तर पिशवी लहान करता येत नाही. माणूस पंधरा किलोंचा नसतो. त्याला हवा लागते, पाणी लागतं, परत यायला पॅराशूट लागतं, आणि रॉकेटमध्ये बिघाड झाला तर कुपी ओढून दूर नेणारी वेगळी यंत्रणा लागते. प्रत्येक गोष्टीला पर्याय आणि त्या पर्यायालाही पर्याय. हा सगळा खर्च कशावर होतो? जे घडू नये अशी इच्छा आहे, त्यावर. पडद्यावर दाखवायला याच्याइतकी वाईट गोष्ट नाही, कारण पैसे कारणी लागले तर काहीच घडत नाही.

कल्पना चावलाचा फोटो आमच्या शाळेत आहे. तुमच्याही असेल. तिच्या फोटोखाली 'स्वप्नं पाहा' या चालीवरचं काहीतरी लिहिलेलं असतं. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया यान परतताना तुटलं आणि सातजण गेले, हे आपल्याला माहीत असतं. त्यानंतर अमेरिकेत चौकशी मंडळ बसलं, त्याचा अहवाल त्याच वर्षी जाहीर झाला, आणि तो वाचायला कुणालाही मोकळा आहे. त्यात इंधनटाकीवरून निखळलेल्या फोमचा तुकडा आहेच. पण त्याच्या बरोबरीनं वर्षानुवर्षं आवळत नेलेलं बजेट आहे, कमी केलेली माणसं आहेत, आणि एक तारीख आहे. अंतराळ स्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४पर्यंत न्यायचाच, असं ठरलं होतं. त्या तारखेला किती दिवस उरले हे मोजणारा स्क्रीनसेव्हर अधिकाऱ्यांच्या संगणकांवर पाठवण्यात आला होता. मला या अहवालातली ही सर्वांत भीतीदायक गोष्ट वाटते. फोम कुठेही निखळू शकतो, पण तो स्क्रीनसेव्हर कुणीतरी उत्साहानं बनवला होता.

कल्पना चावलावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. बहुतेक ठिकाणी करनाल आहे, जिद्द आहे, तारे आहेत. हा स्क्रीनसेव्हर मला मराठीतल्या एकाही पाठात भेटला नाही.

तारखा आपणही लावतो. १५ ऑगस्ट २०१८ला लाल किल्ल्यावरून गगनयानाची घोषणा झाली, तेव्हा २०२२ हे साल दिलं गेलं, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचं. त्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं दहा हजार कोटींच्या आतला खर्च मंजूर केला. सप्टेंबर २०२४मध्ये तो आकडा २०,१९३ कोटींवर गेला. यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरलाय आणि डिसेंबर २०२८पर्यंत आठ मोहिमा. माणूस नेणारं उड्डाण २०२२वरून सरकत २०२७वर आलं. पुढे २०३५ला पूर्ण स्थानक, २०४०ला चंद्रावर भारतीय. या दोन तारखांच्या अलीकडे वेळापत्रकाप्रमाणे लोकसभेच्या तीन निवडणुका आहेत.

समाजमाध्यमांवर या उशिराची थट्टा होते. मला तो उशीर हीच या कार्यक्रमातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. तारीख चुकली याचा अर्थ कुणीतरी कुठेतरी "अजून नाही" असं म्हणू शकलं. प्रश्न एवढाच की ते असं किती दिवस म्हणू शकतील. आपल्याकडे अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांकडे असतो, कोणत्याही पक्षाचं सरकार असो. याचा फायदा मोठा आहे. एका माणसाला पटलं की फाईल हलते. तोटाही तिथेच आहे. पैसा, घोषणा आणि तारीख एकाच टेबलावरून येतात. संसदेत बहुतेक खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, त्यात कुणी अंतराळ खात्यासाठी थांबत नाही. विरोध नाही, म्हणजे पाठिंबा आहे असं आपण धरून चालतो. पण टाळ्यांचा पाठिंबा आणि समजून दिलेला पाठिंबा यांतला फरक पहिल्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कळतो. चंद्रयान-२चा लँडर ७ सप्टेंबर २०१९ला कोसळला, त्या सकाळच्या गळाभेटीचं चित्र सगळ्यांच्या लक्षात आहे. चौकशीचा अहवाल मात्र लोकांसमोर आला नाही. त्यात माणूस नव्हता म्हणून खपून गेलं.

इथे माझी आजी मध्ये येते, कारण या विषयावरची मी ऐकलेली पहिली टीका तिची आहे.

१९७२च्या दुष्काळात ती लोणारजवळच्या एका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले, हे ती शेवटपर्यंत सांगायची. मिलोला ती 'अमेरिकेची ज्वारी' म्हणायची आणि तोंड वाकडं करायची. मी सातवीत असताना तिला मोठ्या ऐटीत सांगितलं की त्याच वर्षी, डिसेंबरात, अमेरिकेची माणसं शेवटची चंद्रावर गेली होती. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग त्यायनं तिथून आनलं काय?"

"दगडं."

"दगडं त आपल्या इथंबी लय हायेत."

मी तेव्हा हसले. कॉलेजात गेल्यावर कळलं की आजी शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होती. पृथ्वीवर उल्केची विवरं पुष्कळ आहेत, पण बेसॉल्टच्या कातळात पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली फारच थोडी. लोणार त्यांतलं एक. चंद्राच्या सपाट काळ्या भागांत बेसॉल्टच आहे. त्यामुळे अपोलोवाल्यांनी आणलेले ३८२ किलो दगड समजून घ्यायला आमच्या विवराची मदत होणार होती. अमेरिकन आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी लोणारला भोकं पाडून नमुने काढले आणि १९७३च्या मे महिन्यात 'सायन्स' या नियतकालिकात लेख आला, की हे विवर आघातानंच झालंय आणि चंद्राशी तुलनेला उपयोगी आहे. तोवर ते ज्वालामुखीचं की उल्केचं यावर वाद होता, आणि आमच्या गावात तर लवणासुराचा वध झाला ती जागा म्हणूनच ठरलेलं होतं. म्हणजे एकाच सुमाराला, एकाच कातळावर, एकीकडे चंद्रासाठी नमुने काढले जात होते आणि दुसरीकडे माझी आजी पोटासाठी खडी फोडत होती. कोणत्याही सिनेमानं हा शॉट घेतलेला नाही. घ्यायला हवा होता.

अमेरिकेतही हा प्रश्न विचारला गेला होता, आणि नुसता विचारला गेला नाही, मोर्चा घेऊन विचारला गेला. अपोलो ११च्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ला, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीला गेले. आपल्याकडच्या बैलगाडी मोर्चासारखंच ते दृश्य. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. उद्याचं बटण न दाबल्यानं गरिबी हटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. काही कुटुंबांना उड्डाण पाहायला पासही मिळाले. पेन यांचं उत्तर मला पटतं आणि खटकतंही. पटतं, कारण हिशेब बरोबर आहे. खटकतं, कारण बटण न दाबून वाचलेले पैसे गरिबांना कधीच मिळत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि अ‍ॅबरनॅथींनाही. पुढे अपोलो १८, १९, २० रद्द झाल्या. त्या पैशांतून अमेरिकेतली झोपडपट्टी उठली नाही.

अपोलोला पैसा मिळाला तो रशियाच्या धाकानं. १९६६च्या सुमाराला नासावर अमेरिकी सरकारच्या खर्चाचे चार टक्क्यांहून जास्त जात होते, आज अर्धा टक्काही जात नाही. खुद्द केनेडींनी नोव्हेंबर १९६२मधल्या बैठकीत आपल्याला अवकाशात तसा रस नाही, रशियाला हरवण्यात आहे, असं सांगितल्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. 'फॉर ऑल मॅनकाइंड' ही मालिका नेमकी इथून सुरू होते. तिच्यात रशियन आधी चंद्रावर उतरतात, म्हणून शर्यत संपतच नाही आणि पैसाही. तिचे पुढचे सीझन मला ताणलेले वाटले, पण पैसा कुठून येतो हे विसरून न गेलेली ती दुर्मीळ गोष्ट आहे. खऱ्या जगात शर्यत संपली. त्यानंतर बुश यांनी २००४मध्ये चंद्र दिला, ओबामांनी २०१०मध्ये काढून घेतला, ट्रम्प यांनी २०१७मध्ये परत दिला आणि २०२५मध्ये नासाच्या बजेटला जवळपास चौथ्या हिश्श्याची कात्री सुचवली. तिथल्या संसदेनं काही भाग वाचवला, कारण रॉकेटचे कारखाने खासदारांच्या मतदारसंघांत आहेत. ऐकायला वाईट वाटतं, पण निदान भांडण उघड्यावर झालं.

आपल्या गोष्टींत मात्र पैशाचं काय होतं?

'स्वदेस'मध्ये नासातला मोहन भार्गव गावी येतो. ते चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली, नाना फडणविसांच्या घाटाचं. मोहन ज्या उपग्रहावर काम करतो तो जगभरचा पाऊस मोजणारा आहे, आणि तो प्रकल्प खरा होता. सिनेमा २००४चा, उपग्रह २०१४ला वर गेला. स्टेशनवर पाणी विकणाऱ्या पोराकडून मोहन पाणी घेतो, तो प्रसंग मी दरवेळी रडून पाहते. आणि तरी दरवेळी खटकतं, की पाऊस मोजणारा माणूस कोरडवाहू गावात येतो आणि सिनेमा त्याच्या कामाचा आणि गावाच्या पावसाचा संबंध जोडत नाही. उपग्रह तिकडे अमेरिकेत, पाणी इकडे गावात, आणि मोहननं दोन्हींतून निवड करायची. गावात वीज येते ती लोकांच्या श्रमदानानं आणि मोहननं पदरच्या पैशांनी आणलेल्या सामानानं. वीज मंडळाकडे कुणी अर्ज करत नाही, ग्रामपंचायतीचा ठराव तालुक्याला जात नाही. आमच्याकडे डीपी जळली तर पंधरा दिवस सोयाबीनला पाणी नसतं आणि दहा फोन करावे लागतात. त्या दहा फोनांचा सिनेमा कुणी काढत नाही.

'इंटरस्टेलर' आमच्या पिढीचा लाडका. पिकांवर रोग पडलेला, धुळीची वादळं, आणि शाळेचे मुख्याध्यापक नायकाला सांगतात की इंजिनिअर पुरे झाले, आता शेतकरी हवेत. (बुलढाण्यात बरोबर उलटं. शेती कर असं शाळेतच काय, घरातही कुणी सांगत नाही.) त्यात नासा जमिनीखाली लपलेली आहे, कारण घास मिळण्याची मारामार असताना लोकांनी अंतराळावरचा खर्च चालू दिला नसता. नोलननं प्रश्न ओळखला आणि लगेच दार लावून घेतलं. लोकांना विचारायचंच नाही, चोरून करायचं. तो भव्य सिनेमा माझ्या मते इथे भित्रा आहे.

आणि नारळीकर. २०२५च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी त्यांची 'धूमकेतू' पुन्हा वाचली. कोलकात्यातला हौशी निरीक्षक एक धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळणार असं निघतं, शास्त्रज्ञांची गुप्त परिषद भरते, अण्वस्त्रं घेऊन यान पाठवलं जातं, संकट टळतं. आणि घरी बायको शांतियज्ञ करत असते. विवराच्या काठावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट जास्तच लागते. आमच्यावर एकदा आदळलेलं आहे! त्यातला शेवटचा टोमणा अजून ताजा आहे. पण परिषदेतली ती सभ्य माणसं यानाचा खर्च कुणी किती द्यायचा यावर भांडत नाहीत. नारळीकरांच्या जगात एकदा गणित पटलं की तिजोरी उघडते. त्यांच्यासारख्या माणसानं आयुष्यभर संस्था उभारल्या, त्यांना तिजोरी कशी उघडते हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. त्यावरची गोष्ट त्यांनी लिहायला हवी होती, असं आता फार वाटतं.

आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात वर्तुळात धान्यं मांडतात, मध्ये घागर, पानसुपारी, करंजी, पापड. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय बुडालं यावरून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात, आणि राजाच्या गादीचंही. माझा त्यावर विश्वास नाही. पण एक गोष्ट त्या मांडणीत मला शहाणी वाटते. पाऊस, पीक आणि गादी एकाच वर्तुळात आहेत. वसंतराव गोवारीकर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते, रॉकेटच्या घन इंधनावर त्यांचं काम. पुढे त्यांनीच १९८८च्या सुमाराला सोळा घटकांचं मॉन्सूनचं प्रारूप मांडलं. रॉकेट आणि पाऊस हे एकाच मराठी माणसाच्या टेबलावर होते. आमच्या बापलेकांच्या भांडणात मात्र ते अजून वेगवेगळ्या बाजूंना उभे असतात.

ते भांडण आमच्या घरी शुभांशू शुक्लांच्या वेळी झालं. वडील म्हणाले, एका माणसाला फिरवून आणायला साडेपाचशे कोटी, आणि आमचा पीकविमा येत नाही. मी फोनवर आकडे काढले. २०२५-२६ला अंतराळ विभागाला १३,४१६ कोटी. १४० कोटी लोकांनी भागा, माणशी वर्षाला साधारण ९६ रुपये. सरकारच्या शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे. एकट्या पीएम-किसानला त्याच बजेटमध्ये ६३,५०० कोटी. इस्रो उद्या बंद केली तरी तुमच्या वाट्याला मोबाईलचं महिन्याचं रिचार्जही येणार नाही. आणखी एक गंमत. २०२२-२३ला विभागाला १३,७०० कोटी देऊ केले होते, सुधारित अंदाजात ते साडेदहा हजारांच्या आसपास आले. फेब्रुवारीतला आकडा बातमीत येतो, सुधारित आकडा कुणी वाचत नाही.

वडील ऐकून म्हणाले, "शहाण्णव बरोबर असंल तुझं. पन मला इचारलं कुनी?"

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. आजवर पृथ्वीच्या कक्षेत गेलेल्या भारतीय नागरिकांची तिकिटं कुणी काढली बघा. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला गेले ते सोव्हिएत संघाच्या मैत्रीखात्यातून. शुक्ला २०२५मध्ये गेले ते अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीला आपण पैसे मोजले म्हणून. तिसरं तिकीट पहिल्यांदाच पूर्णपणे घरचं असणार. पहिल्या दोन वेळी सुरक्षेची जबाबदारी, आणि चूक झाली असती तर तिची चौकशीही, दुसऱ्याची होती. आता ती आपली. वडील जे विचारत होते ते खर्च करू नका असं नव्हतं. पण 'स्वस्तात झालं' एवढंच ज्यांना दहा वर्षं सांगितलं, त्यांना महाग गोष्टीसाठी अचानक होकार द्यायला कसं सांगणार? आणि उद्या काही विपरीत घडलं, तर एवढे पैसे घालून असं कसं झालं हे विचारणारे हेच लोक असतील. त्यांचं चुकणार नाही.

गगनयानासाठी निवडलेले पहिले चारही जण हवाई दलातले वैमानिक, चारही पुरुष. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. 'मिशन मंगल'मध्ये पाच बाया यान पाठवतात, हे त्यांना आठवत असणार.

पुढच्या शनिवारी मी टाळाटाळ भरून काढायची म्हणून २१ ऑक्टोबर २०२३च्या चाचणीचा व्हिडिओ लावला. रॉकेट मध्येच बिघडलं तर कुपी सुटून बाहेर येते का, हे बघण्यासाठी केलेली ती चाचणी. आत माणूस नव्हता. हवा खराब म्हणून आधीच वेळ पुढे ढकललेली. उलटी गणती सुरू झाली, वर्ग मोठ्यानं मोजायला लागला. सात, सहा, पाच. आणि थांबली. संगणकाला काहीतरी गडबड दिसली आणि त्यानं उड्डाण रोखलं.

"अय्यो!" सगळा वर्ग. मागच्या बाकावरचा एकजण "पोपट झाला" म्हणाला. मी व्हिडिओ तिथेच थांबवला. दहा वाजता ते उडालं आणि सगळं ठीक झालं, हे त्यांना अजून सांगायचं होतं.

पुरीचा प्रश्न विचारणारी मुलगी तिसऱ्या बाकावर होती. ती म्हणाली, "बरं झालं थांबलं. पन मॅडम, तेला कुनी रागावलं का?"

"कुणाला?"

"ज्यानं थांबवलं तेला."

संगणकानं थांबवलं, मी म्हणाले. मग तिनं विचारलं की तो संगणक तसा लिहिला कुणी.